चित्रदालनातील व्याख्यान आणि मैफल

आधुनिक चित्रकलेच्या प्रदर्शनाबरोबर व्याख्याने आणि संगीताचे कार्यक्रम योजण्याची प्रथा जगभरच्या संग्रहालयांत आता इतकी रुळली आहे, की निमंत्रणपत्रिकेवर त्यांचा उल्लेख नसेल तर ती पत्रिकाच अपुरी वाटते. परंतु या कार्यक्रमांचा भिंतीवरच्या कलाकृतींशी नेमका कोणता संबंध असावा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चित्रप्रदर्शनाचे परीक्षण छापून येते, मैफलीचेही येते, व्याख्यानाचा वृत्तांत दिला जातो. तिन्ही एकाच छपराखाली घडल्याने पाहणाऱ्याच्या अनुभवात काय फरक पडला, याचे परीक्षण करण्याची रीत मात्र जवळजवळ नाही. परिणामी ज्याची कलाप्रकार म्हणून पारख व्हायला हवी, तो प्रकार ‘आनुषंगिक कार्यक्रम’ या कार्यालयीन नावाखाली दुय्यम राहिला आहे. त्याचा आढावा घेताना एक कसोटी पुरेशी आहे: व्याख्यान किंवा मैफल संपवून पुन्हा चित्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला आधी न दिसलेले काही दिसते का? या कसोटीवर पाहिले तर असे आढळते, की चित्रकाराने जो प्रश्न हाताळला आहे, म्हणजे काळाचा, पुनरावृत्तीचा, रिकाम्या जागेचा किंवा घडणीच्या प्रक्रियेचा, त्याच प्रश्नाला जे कार्यक्रम आपल्या माध्यमातून भिडतात ते टिकतात, आणि चित्राच्या विषयाला किंवा ‘मूड’ला शोभेलसे काहीतरी शेजारी मांडणारे कार्यक्रम त्या संध्याकाळीच संपतात.

या प्रकाराचा ठळक आरंभ ब्रसेल्समध्ये झाला. १८८३ साली वीस कलावंतांनी ‘ले व्हँ’, म्हणजे ‘वीस जण’, या नावाचा गट स्थापन केला आणि पुढल्या वर्षापासून दरवर्षी एक प्रदर्शन भरवण्यास सुरुवात केली. गटाचा चिटणीस ऑक्ताव्ह मोस हा पेशाने वकील होता, परंतु त्याची खरी ओढ संगीताकडे होती; त्यामुळे या प्रदर्शनांत लवकरच व्याख्यानांच्या जोडीला मैफलीही सुरू झाल्या आणि व्हँसाँ दँदी, गॅब्रिएल फोरे यांसारखे त्या काळचे नवे संगीतकार तेथे ऐकले जाऊ लागले. ज्या भिंतींवर १८८७ मध्ये सरा याचे ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेले ‘ग्रांद जात’ लागले आणि १८९० मध्ये व्हॅन गॉगची चित्रे लागली, त्यांच्या सान्निध्यात हे सारे चालत असे. त्याच १८९० च्या हंगामात कवी मालार्मे याने ब्रसेल्समध्ये व्याख्यान दिले, आणि त्याचा विषय चित्रकला नव्हता, तर त्याचा काही महिन्यांपूर्वी निवर्तलेला साहित्यिक मित्र व्हिलिये द लील-आदाँ हा होता. आजच्या एखाद्या संयोजकाला हा विषय प्रदर्शनाशी ‘असंबद्ध’ वाटला असता. मोस याची समज वेगळी होती: चित्राचा अर्थ सांगण्याचे काम त्याने वक्त्यावर टाकले नाही, अपरिचित भाषा धीराने ऐकण्याची सवय झालेला श्रोता अपरिचित चित्रासमोरही धीराने उभा राहील, एवढीच त्याची अपेक्षा असावी असे एकूण योजनेवरून दिसते.

‘ले व्हँ’ विसर्जित झाल्यावर मोस यानेच ‘लिब्र एस्तेतिक’ ही नवी संस्था काढली, आणि तिच्या पहिल्याच प्रदर्शनात, १ मार्च १८९४ रोजी, केवळ देबुसीच्या रचनांचा कार्यक्रम झाला. फक्त त्याच्याच रचनांना वाहिलेली ही पहिली मैफल होती. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो या चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेली त्याची चौकडी व्हायोलिनवादक इझाई याच्या गटाने त्या दिवशी वाजवली. स्वरांचे समूह जुन्या नियमांप्रमाणे पुढच्या मुक्कामाकडे धाव न घेता आपल्याच जागी रंग बदलत राहतात, हे या संगीताचे वैशिष्ट्य त्या दालनात ऐकणाऱ्यांना शेजारच्या चित्रांमुळे अधिक सहज उमगले असेल, असे मानायला जागा आहे. पुढे देबुसीला ‘इम्प्रेशनिस्ट संगीतकार’ हे लेबल चिकटले आणि त्याने समजुतीपेक्षा गैरसमजच अधिक वाढवले. कारण दोन कला शेजारी नांदल्या म्हणून त्या एकमेकींची भाषांतरे ठरत नाहीत. मोस याने त्यांना शेजारी ठेवले आणि शेजारीच राहू दिले, हे त्याचे श्रेय आहे.

याच शहरातील आणखी एक प्रसंग या प्रकारातील एक कायमची अडचण दाखवतो. १६ डिसेंबर १८८६ रोजी ब्रसेल्सच्या आधुनिक चित्रसंग्रहालयात सेझार फ्रांक याचा व्हायोलिन-सोनाटा, म्हणजे व्हायोलिन आणि पियानो यांसाठी लिहिलेली अनेक भागांची रचना, सादर व्हायचा होता. हिवाळ्याची दुपार लवकर मावळली आणि चित्रांच्या दालनात कृत्रिम प्रकाश लावण्यास संग्रहालयाची परवानगी नव्हती. दँदीने लिहून ठेवल्याप्रमाणे, इझाई आणि पियानोवादक लेओंतीन बोर्द-पॅन यांनी उरलेले भाग जवळजवळ अंधारात, स्वरलिपी दिसत नसताना, स्मरणाने वाजवले. हा प्रसंग संगीताच्या इतिहासात वादकांच्या तयारीचा दाखला म्हणून सांगितला जातो. संग्रहालयाच्या दृष्टीने त्यातला नियम अधिक महत्त्वाचा आहे. दालन चित्रांचे आहे, तेथे संगीत पाहुणे म्हणून येते, आणि चित्राला अपाय होत असेल तर पाहुण्याने अंधारात बसायचे असते. कागदावरील चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये हा आजचा संकेत (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) त्याच शिस्तीचा वारस आहे. दिवे झगमगवून, शेकडो माणसे दालनात दाटीने बसवून कार्यक्रम करणाऱ्यांना तो अनेकदा जाचक वाटतो, कारण श्वासातून आणि घामातून हवेत जाणारी आर्द्रता कागदाला आणि रंगाच्या थराला किती त्रासदायक ठरते, हे डोळ्यांना लगेच दिसत नाही.

ब्रसेल्सच्या अगदी उलट टोक व्हिएन्नाने गाठले. १९०२ च्या एप्रिलमध्ये तेथील ‘सेसेशन’ या बंडखोर कलावंतगटाचे चौदावे प्रदर्शन बीथोवेनला वाहिलेले होते: मध्यभागी माक्स क्लिंगरचा बीथोवेनचा पुतळा, एका दालनाच्या भिंतींवर नवव्या सिंफनीला उद्देशून गुस्ताफ क्लिम्टने रंगवलेला सुमारे ३४ मीटर लांबीचा पट, योझेफ होफमानची एकूण मांडणी, आणि उद्घाटनप्रसंगी त्याच सिंफनीच्या अखेरच्या भागातून गुस्ताफ मालर याने फुंकवाद्यांसाठी करून घेतलेले वादन. सर्व कलांनी मिळून एकच कृती घडवायची, ही ‘समग्र कलाकृती’ची कल्पना संगीतकार वाग्नरकडून आलेली होती आणि तिचे आकर्षण अजून ओसरलेले नाही. तिच्यात धोकाही आहे: संगीत आणि चित्र एकाच आशयाला जुंपले की चित्र हळूहळू त्या आशयाचे स्पष्टीकरण होऊन बसते. क्लिम्टचा पट प्रदर्शनापुरता म्हणून रंगवलेला असूनही आज पाहिला जातो, तो त्याच्या रेषेच्या आणि रिकाम्या सोडलेल्या पृष्ठभागाच्या बळावर, आणि तो पाहताना नववी सिंफनी आठवलीच पाहिजे असे नाही.

रंग आणि स्वर यांची समीकरणे मांडण्याचा मोह येथूनच वाढत गेला. चित्रकार कांडिन्स्कीने २ जानेवारी १९११ रोजी म्युनिकमध्ये संगीतकार श्योनबर्गची मैफल ऐकली आणि थोड्याच दिवसांत पिवळ्या रंगाचा मोठा झोत असलेले ‘इम्प्रेशन ३’ हे चित्र रंगवले, ही घटना अशा प्रत्येक कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात हमखास येते. परंतु त्या मैफलीतून पुढे घडलेली अधिक मोलाची गोष्ट म्हणजे १९१२ चा ‘ब्लाउअ रायटर’ संग्रह, ज्यात चित्रांच्या शेजारी श्योनबर्ग, बेर्ग आणि वेबर्न यांच्या रचना स्वरलिपीसह छापल्या होत्या: पिवळा म्हणजे अमुक स्वर असे ठरवून न टाकता दोन्ही कलांतील जुने व्याकरण एकाच वेळी का सुटले, हा प्रश्न वाचकापुढे ठेवलेला होता. भारतात या मोहाला रागमाला-चित्रांचा आधार मिळतो. रागमाला म्हणजे प्रत्येक रागाला नायक-नायिका, ऋतू आणि प्रहर यांचे रूप देणारी लघुचित्रांची माळ. परंतु एकाच रागाची रूपे निरनिराळ्या प्रांतांच्या रागमालांत इतकी वेगळी आढळतात, की ती रूपे स्वरांतून आपोआप निघत नसून काव्यपरंपरेच्या संकेतातून येतात हे स्पष्ट व्हावे. असे असूनही आधुनिक अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनात निळ्या चित्रांसाठी अमुक राग आणि काळ्या वर्तुळासाठी तमुक राग अशी जुळणी आजही केली जाते. अमूर्त चित्र म्हणजे ओळखता येणाऱ्या वस्तूचे दर्शन न घडवता रंग, रेषा आणि पोत यांतूनच उभे राहणारे चित्र; त्याला रागाचे नाव चिकटवल्याने पाहणाऱ्याच्या हाती एक वस्तूच परत दिली जाते आणि चित्रकाराने सोडून दिलेली वाट त्याच्या नावाने पुन्हा उघडली जाते.

लंडनच्या नॅशनल गॅलरीचा युद्धकाळ हा या इतिहासातील एक वेगळाच अध्याय आहे. १९३९ मध्ये चित्रे सुरक्षित जागी हलवल्यावर रिकाम्या झालेल्या दालनांत पियानोवादक मायरा हेस यांनी १० ऑक्टोबरपासून दुपारच्या मैफली सुरू केल्या आणि एप्रिल १९४६ पर्यंत अशा १,६९८ मैफली झाल्या. प्रवेशमूल्य एक शिलिंग होते. याच इमारतीत युद्धकाळातील चित्रकारांची नवी चित्रेही लागत, आणि १९४२ पासून महिन्याला एक मूळ चित्र आणून एकटे टांगण्याचा उपक्रम सुरू झाला. चित्रसंग्रहालय ही शहराची बसण्याउठण्याची जागा होऊ शकते हे या मैफलींनी सिद्ध केले. दुपारच्या सुटीत डबा घेऊन येणारा कारकून तिचा खरा श्रोता होता. त्याआधी, १९३० च्या दशकात, समीक्षक रॉजर फ्राय यांनी क्वीन्स हॉल या संगीतसभागृहात पडद्यावर चित्रे दाखवत दिलेल्या व्याख्यानांना सुमारे २,००० श्रोते जमत, आणि रॉयल अकॅडमीतील फ्रेंच कलेच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानांचे १९३२ मध्ये पुस्तकही झाले.

न्यूयॉर्कमध्ये या प्रकाराला खरी धार आली. तेथील आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे ‘मोमा’त, ७ फेब्रुवारी १९४३ रोजी संगीतकार जॉन केज याची तालवाद्यांची मैफल झाली आणि तिच्यात नेहमीच्या वाद्यांबरोबर मोटारीचे ब्रेकड्रम, पत्र्याचे डबे अशा वस्तूही वाजल्या. भंगारातील वस्तू उचलून शिल्प किंवा कोलाज करणाऱ्या कलावंतांच्या कृती जेथे आधीच होत्या, तेथे हे वादन आगंतुक वाटण्याचे कारण नव्हते; वस्तू ‘सापडणे’ आणि तिला कलेत जागा मिळणे, या एकाच कृतीचे ते श्राव्य रूप होते.

बारा वर्षांनी त्याच संग्रहालयात झालेला एक कार्यक्रम भारतीय वाचकाला जवळचा आहे, आणि त्याचे मोल मापताना कौतुकाबरोबर हिशेबही मांडावा लागतो. १९५५ च्या एप्रिलमध्ये ‘भारतातील वस्त्रे आणि अलंकारकला’ या विषयावरील प्रदर्शन मोमात उघडले, आणि त्याला जोडून योजलेल्या कार्यक्रमांत अली अकबर खाँ यांचे सरोदवादन आणि शांता राव यांचे नृत्य झाले. तबल्यावर चतुरलाल होते. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांनी खाँसाहेबांची ओळख करून दिली, आणि त्याच सुमारास निघालेल्या ध्वनिमुद्रिकेत वादन सुरू होण्याआधी मेन्युइन यांचा आवाज वाद्यांची आणि तालाची ओळख करून देतो. परक्या श्रोत्याला तानपुऱ्याचा अखंड स्वर हा आधार असतो आणि तबल्याचे आवर्तन समेवर परत येते, एवढे आधी सांगितले की पुढल्या वीस मिनिटांत त्याचा कान कितीतरी दूर जातो. मोजक्या वाक्यांचे असे प्रास्ताविक हा व्याख्यानप्रकाराचा एक नमुना मानायला हरकत नाही. पण त्या प्रदर्शनात भारत होता तो वस्त्रांचा आणि दागिन्यांचा. मुंबईत त्या वेळी हुसेन आणि गायतोंडे हे चित्रकार ऐन उमेदीने काम करत होते, रझा पॅरिसला पोचले होते. आधुनिक कलेच्या संग्रहालयात भारताचे संगीत मात्र परंपरेच्या बाजूने उभे केले गेले आणि वस्त्रे, सरोद, नृत्य ही सारी ‘भारत’ या एका नावाची उदाहरणे ठरली. त्यांना परस्परांशी जोडणारा कलेतला प्रश्न कोणता, हे विचारलेच गेले नाही. आधुनिक भारत तेथे शिरला तो दुसऱ्या दाराने: ३ मे १९५५ रोजी, त्याच संग्रहालयात, सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ प्रथम दाखवला गेला, आणि त्याला संगीत रविशंकर यांचे होते.

प्रश्नातून निघालेल्या कार्यक्रमाचा सर्वांत नितळ दाखला न्यूयॉर्कच्याच व्हिटनी संग्रहालयात १९६९ मध्ये मिळाला. ‘अँटी-इल्यूजन: प्रोसीजर्स/मटीरिअल्स’ या प्रदर्शनातील कलावंतांनी तयार वस्तू मांडण्याऐवजी घडण्याची क्रियाच पुढे आणली होती: राफाएल फेरेर याने प्रवेशमार्गावर बर्फाच्या लाद्या आणि पाने ठेवली आणि बर्फ वितळत गेला, रिचर्ड सेरा याने वितळवलेले शिसे भिंत आणि जमीन यांच्या कोनात फेकून थिजू दिले. प्रदर्शनाच्या संयोजकांनी, मार्शा टकर आणि जेम्स मॉन्टी यांनी, फिलिप ग्लास आणि स्टीव्ह राइक यांच्या मैफली प्रदर्शनाचाच भाग म्हणून योजल्या. २७ मे रोजी राइक याची ‘पेंड्युलम म्युझिक’ ही रचना झाली. तिच्यात उताण्या ठेवलेल्या ध्वनिक्षेपकांवर माईक वायरने टांगलेले असतात. ते ओढून एकदम सोडले की झोके घेऊ लागतात, आणि प्रत्येक माईक ध्वनिक्षेपकावरून जाताना शीळ उमटते, कारण क्षेपकातून बाहेर पडणारा आवाज त्याच माईकमध्ये पुन्हा शिरतो. झोके लहान होत जातात तशा शिळा लांबत जातात, आणि सारे माईक स्थिर झाले की एक अखंड आवाज उरतो. मग वायर काढून रचना संपवली जाते. माईक सोडणाऱ्यांत सेरा, ब्रूस नॉमन आणि मायकेल स्नो हे त्याच वर्तुळातील कलावंत होते. शिसे थिजणे, बर्फ वितळणे आणि माईक थांबणे या तिन्ही क्रियांत कलावंताने केवळ आरंभ करून द्यायचा असतो आणि शेवट पदार्थाच्या गुणाने होतो. त्यामुळे मैफल ऐकून फेरेरच्या बर्फाकडे परतणारा माणूस तेथे वेळ पाहू लागतो. व्याख्यानाने तासभर समजावूनही जे हाती लागले नसते, ते त्या काही मिनिटांत लागत असणार.

मार्सेल ब्रॉयर याने बांधलेल्या त्याच इमारतीत २०१६ मध्ये नसरीन मोहमदी यांचे मोठे प्रदर्शन भरले. व्हिटनी संग्रहालय दुसरीकडे गेल्यावर मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ती इमारत काही वर्षे वापरायला घेतली होती आणि १८ मार्चला ती नव्याने उघडताना नसरीन यांची चित्रे प्रारंभीच्या प्रदर्शनांत होती. कराचीत १९३७ मध्ये जन्मलेल्या, मुंबईच्या भुलाभाई देसाई संस्थेत काही काळ काम केलेल्या, बडोद्यात शिकवणाऱ्या आणि १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे निवर्तलेल्या या चित्रकर्तीने शाई, पेन्सिल आणि आरेखनाची अवजारे यांतून जी रेषा काढली, ती भारतीय आधुनिक कलेतील सर्वांत काटेकोर रेषांपैकी आहे. या प्रसंगासाठी पियानोवादक विजय अय्यर आणि ट्रंपेटवादक वडाडा लिओ स्मिथ यांनी रचलेल्या संगीतमालिकेचे शीर्षक नसरीन यांच्या दैनंदिनीतून घेतलेले आहे. या संगीतात तबला नाही, तानपुरा नाही, चित्रकर्ती भारतीय म्हणून लावलेला एखादा रागही नाही. रेषा जशी भोवतालच्या कोऱ्या कागदाने तोललेली असते, तसा एकेक स्वर भोवतीच्या शांततेने तोललेला आहे, आणि अंतर किती ठेवायचे हाच दोन्हीकडचा निर्णय आहे. १९५५ मध्ये भारतीय म्हणून वाजलेले संगीत आणि २०१६ मध्ये नसरीन यांच्या रेषेसाठी वाजलेले संगीत यांच्यातील अंतर हे या प्रकाराने केलेल्या प्रगतीचे माप मानता येईल. उणीव एवढीच, की मैफली तळमजल्यावर आणि चित्रे वरच्या मजल्यावर होती. ऐकणे आणि पाहणे यांच्यामध्ये जिना आला.

व्याख्यानाची स्थिती संगीताहून वेगळी आहे, कारण त्याच्यावर समजावण्याची जबाबदारी येऊन पडते आणि समजावताना चित्र झाकले जाण्याची भीती सर्वाधिक असते. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत १९५२ पासून चालणाऱ्या मेलन व्याख्यानांत कला-इतिहासकार कर्क व्हार्नडो यांनी २००३ मध्ये दिलेली सहा व्याख्याने या बाबतीत आदर्श ठरावीत. चित्रकार पोलॉकनंतरच्या अमूर्त कलेकडे कशासाठी पाहायचे, हा एकच प्रश्न त्यांनी सहा आठवडे धरून ठेवला. लिहून आणलेला मजकूर न वाचता टिपणांवरून, पडद्यावरील चित्राकडे पुन्हा पुन्हा वळत ते बोलले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि व्याख्यानांचे पुस्तक २००६ मध्ये निघाले. अमूर्त चित्रामागे काही गूढ संदेश दडला आहे असे श्रोत्याला सांगून त्यांनी त्याची सोय केली नाही, आणि एकाच प्रकारच्या पेटीसारख्या दोन शिल्पांत काय फरक आहे हे पाहायला त्याला भाग पाडले.

महाराष्ट्राला व्याख्यान ऐकण्याची सवय शिकवावी लागत नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून गावोगावच्या व्याख्यानमालांपर्यंत ही परंपरा अखंड आहे, आणि संगीतात तिने ‘सप्रयोग व्याख्यान’ हा स्वतःचा प्रकारही घडवला, ज्यात वक्ता मुद्दा सांगतो आणि लगेच गाऊन किंवा गाववून तो सिद्ध करतो. अशोक दा. रानडे यांनी हा प्रकार विद्वत्तेच्या आणि रंजनाच्या दोन्ही अंगांनी उंचीवर नेला. चित्रकलेच्या व्याख्यानाने या वारशाचा जवळजवळ उपयोग केलेला नाही. ओघवत्या वक्तृत्वाची सवय चित्रासमोर अडचणीची ठरते: वाक्य जितके लयदार, तितका श्रोता पडद्याकडे पाहायचे विसरतो. सप्रयोग व्याख्यानाची शिस्त नेमकी उलट आहे. तेथे प्रत्येक विधानाला तत्काळ पुरावा द्यावा लागतो. दहा-पंधरा माणसे घेऊन प्रत्यक्ष चित्रांपुढे चालणारी फेरी, जिला आता सर्रास वॉकथ्रू म्हटले जाते, हे खरे तर चित्रकलेचे सप्रयोग व्याख्यानच आहे, आणि सभागृहातल्या भाषणापेक्षा तिच्यावर अधिक शक्ती खर्च व्हायला हवी.

भाषेचा प्रश्नही येथेच उभा राहतो. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी चित्रविचार मराठीत केला, ‘कोरा कॅनव्हास’ मराठीत लिहिले, द. ग. गोडसे यांनी कलेतील पोत आणि शक्तिसौष्ठव यांविषयी अशा मराठीत लिहिले की तिच्यात उसने काही शोधावे लागत नाही. एवढी परिभाषा हाताशी असताना मुंबईतील आधुनिक कलेविषयीची बहुतेक व्याख्याने इंग्रजीत होतात आणि मराठी व्याख्यान ठेवले तर ते ‘सर्वसामान्यांसाठी’ म्हणून सोपे केले जाते. हा मराठीचा आणि त्या श्रोत्याचा, दोघांचाही अवमान आहे. ज्या श्रोत्याने विलंबित ख्यालाची बढत तासभर ऐकली आहे, त्याला बरवे यांच्या एका चित्रातील वस्तू आणि अवकाश यांच्या संबंधावर तासभर मराठीत ऐकणे जड जाण्याचे कारण नाही.

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची वास्तू या विषयाचा इतिहासच अंगावर वागवते. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार १९११ मध्ये उभे राहिलेले सर कावसजी जहांगीर सभागृह मुळात मैफलींसाठी आणि सभांसाठीच होते. मेन्युइन यांचे वादनही तेथे झाले. वातानुकूलित नाट्यगृहे आल्यावर ते ओस पडले, तेथे मुष्टियुद्धाच्या स्पर्धा आणि चामड्याच्या वस्तूंची विक्रीही चालू लागली. शिल्पकर्ती पिलू पोचखानवाला आणि गॅलरीचालक केकू गांधी यांनी ते आधुनिक कलेसाठी मिळावे म्हणून आग्रह धरला, आणि १९९६ मध्ये तेथे एकावर एक चढत जाणारी दालने घेऊन संग्रहालय उघडले. मैफलीचे घर चित्रांना मिळाले हे चांगलेच झाले. परंतु जुन्या सभागृहाचा एकसंध अवकाश मजल्यांत विभागला गेल्यावर तेथे संगीत कोठे आणि कसे व्हावे, याचा नव्याने विचार करणे भाग होते. याच संग्रहालयात बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला, ८ फेब्रुवारी २०१९ रोजी, अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर संग्रहालयाच्या सल्लागार समित्यांविषयी प्रश्न उपस्थित करत असताना त्यांचे भाषण मध्येच थांबवण्याचा प्रयत्न झाला. प्रदर्शनाच्या साऱ्या कार्यक्रमांत व्याख्यान हीच एक जागा अशी असते, की जेथे संस्थेला तिच्याच छताखाली प्रश्न विचारता येतो. ती जागा आखडली तर उरलेली व्याख्याने कितीही विद्वत्तापूर्ण असली तरी त्यांना धार राहत नाही.

संगीताच्या बाबतीत मुंबईतील सर्वसाधारण चित्र निराशाजनक आहे. उद्घाटनाच्या संध्याकाळी कोपऱ्यात बासरी किंवा सतार मंद वाजत असते आणि पाहुणे तिच्यावरून बोलत असतात. या वादनाला कार्यक्रम म्हणणे हा वादकावर अन्याय आहे. पूर्ण मैफल ठेवली तरी दालनाचा घुमारा लक्षात घेतला जात नाही. घुमाऱ्याचा काळ म्हणजे आवाज थांबल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ. बोलणे स्पष्ट कळण्यासाठी तो एका सेकंदाच्या आसपास, आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी दोन सेकंदांच्या आसपास असलेला चांगला. गुळगुळीत दगडी फरशी, उघड्या भिंती आणि उंच छत असलेल्या दालनात तो याहून पुष्कळ वाढतो. अशा जागी ध्रुपदाचा आलाप फुलतो, कारण प्रत्येक स्वर पुढच्या स्वराखाली रेंगाळतो. त्याच जागी द्रुत लयीतला तबला चिखलात पाय रुतल्यासारखा होतो आणि मग ध्वनिक्षेपकांचा आवाज वाढवून गोंधळ दुप्पट केला जातो. कलावंताची निवड नावावरून करण्याऐवजी जागेच्या कानावरून केली, तर अर्धे अपयश टळेल.

आणि काही प्रदर्शनांना संगीत नको असते, हे मान्य करण्याचे धैर्यही संयोजकाकडे हवे. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ मध्ये भरले. रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी रंगाचे थर चढवत आणि खरवडत त्यांनी जो पृष्ठभाग घडवला, त्याच्यासमोर डोळा स्थिरावायला वेळ लागतो आणि त्या वेळात कानावर पडणारी कोणतीही सुरावट चित्राचा काळ आपल्या हाती घेते. गायतोंडे संगीत आवडीने ऐकत, म्हणून त्यांच्या चित्रांपुढे ते वाजवावे असा निष्कर्ष निघत नाही. अशा प्रदर्शनाला एखादे छोटे, नेमके व्याख्यान पुरते: थर कसे चढले, कोठे खरवडले, कागदाचे तुकडे वापरून रंग कसा उचलला-ठेवला गेला, एवढेच सांगणारे. मात्र ते व्याख्यान दालन बंद झाल्यावर सुरू होता कामा नये. आज बहुतेक ठिकाणी सहा वाजता कुलूप लागते आणि साडेसहाला वक्ता उभा राहतो, त्यामुळे ऐकून आलेल्या माणसाला चित्राकडे परत जायची सोयच उरत नाही. व्याख्यान पाचला ठेवून दालन आठपर्यंत उघडे ठेवण्यासाठी लागतात ते दोन जादा पहारेकरी आणि त्यांचा तीन तासांचा भत्ता, आणि प्रदर्शनाच्या अंदाजपत्रकात उद्घाटनाच्या चहापानाच्या आधी ही रक्कम धरली जायला हवी.